दिवा बदलायचा की वायर ओढायची? घरच्या रोषणाईला परवानगी केव्हा लागते

चवथ महिन्यावर आली की गोव्यात भट आणि वायरमन, दोघांच्याही वेळा आधीच धरून ठेवाव्या लागतात. अशात घराला रंग काढताना नवे दिवे घालायचं ठरलं, की एकजण विचारतो, ‘वीज खात्याची परवानगी काढलीस?’ दुसरा म्हणतो, ‘दिव्यांना कसली रे परवानगी?’ दोघांचंही निम्मं निम्मं खरं असतं.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत, आधी २०१० च्या आणि आता २०२३ च्या, ही रेषा आखलेली आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची नुसती बदली करायची आणि त्यानं विजेच्या मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर ती मोकळी. नवी भर, फेरफार किंवा दुरुस्ती मात्र परवानाधारक कंत्राटदारानं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायची. म्हणजे दिवे किती, यापेक्षा नवी वायर ओढली का, हा प्रश्न मोठा.

त्यामुळे सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आहे त्याच पॉइंटवर नवा दिवा. साठ वॅटच्या जुन्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी, चोकवाल्या ट्यूबच्या जागी वीस वॅटची पट्टी. कागद नाही, अर्ज नाही, बिल उलट उतरतं. जुन्या घरात लाकडी पट्टीतून गेलेली कापडी वेष्टणाची वायर असेल, तर मात्र नव्या दिव्यानं तिचं वय कमी होत नाही.

दुसरा मार्ग नव्या पॉइंटांचा: फॉल्स सीलिंगचे स्पॉट, देव्हाऱ्यावरची पट्टी, फाटकावरचे दोन दिवे. इथे बहुतेकांना वाटतं, एवढ्याशा वॅटला कोण विचारतो? वॅटचा मुद्दा खरंच नसतो. लायटिंगच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, हा वायरमन मंडळींचा जुना हिशेब. एलईडीच्या काळात ८०० वॅट कधी भरतच नाहीत, दहा पॉइंट मात्र एका हॉलमध्येच संपतात.

परवाना कशाला हवा, ते मला डिचोलीला मावशीच्या घरी कळलं. वसरीवर सात वॅटचे सहा स्पॉट घातले. ओळखीतलाच माणूस, हात चांगला, परवाना नाही. त्यानं फेज, म्हणजे वीज आणणारी तार, हॉलच्या सर्किटातून घेतली आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जवळ पडली म्हणून वसरीच्या जुन्या बोर्डातून. हॉलला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, होता, वसरीच्या लाइनला नव्हता. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून बघतो, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तुटतो. सहा दिव्यांचा प्रवाह साधारण १८० मिलीअँपिअर, आणि तो परत येत होता भलत्याच वाटेनं. दिवे लावले की हॉल अंधारात! दोन दिवस डोकं खाजवून गड्यानं आरसीसीबीच बायपास केला. दिवे छान लागले. जूनमध्ये चिऱ्याच्या भिंतीला ओल आली तेव्हा स्विचपाशी मावशीच्या हाताला मुंग्या आल्या. नशिबानं तेवढ्यावरच निभावलं.

हे निस्तरायला आलेल्या परवानाधारकानं नवी वायर ओढली, अर्थिंग मोजलं आणि चाचणी अहवाल हातात दिला. पैसे जास्त गेले. तरी नवे पॉइंट करायचे असतील, तर परवानाधारकाशिवाय दुसऱ्या कुणाचा मी विचारसुद्धा करणार नाही. वायरमन परमिट आणि कंत्राटदाराचा परवाना यांत गल्लत करू नका. परमिटवाला काम करतो, चाचणी अहवालावर सही कंत्राटदाराची लागते.

तिसरा मार्ग वीज खात्याच्या दारात जातो: मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेली किलोवॅटची मर्यादा, वाढवणं. नुसत्या दिव्यांसाठी हे सहसा लागत नाही. पंचवीस एलईडी मिळूनही एका एसीच्या पासंगाला पुरत नाहीत. पण रोषणाईच्या निमित्तानं एसी, गिझर, पंप असं सगळंच उरकायचं असेल, तर आधी बिलावरचा मंजूर भार बघा. वाढवायचा झाल्यास अर्जाबरोबर कंत्राटदाराचा अहवाल जोडावा लागतो. उगाच वाढवूनही ठेवू नका, कारण घरगुती जोडणीचा स्थिर आकार दर किलोवॅटवर असतो आणि तो दर महिन्याला भरावा लागतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की बिलावर नाव ज्याचं, ग्राहक तो. अर्ज त्याच्याच सहीनं जाणार.

अंगणात माळा सोडून चार टेबलांचा कॅफे काढायचा बेत असेल, तर विषयच बदलतो. घरगुती मीटरवर धंदा म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि आकारणी लागू दराच्या दुपटीनं. तिथे आधी व्यापारी जोडणी, मग माळा.

राहता राहिलं परसू. नुसती पायवाट उजळायची असेल तर सौर दिवे बिनकागदाचे, पण गोव्याच्या पावसाळ्यात त्यांचा काही नेम नाही. मला बारा व्होल्टचे दिवे बरे वाटतात. २३० चे बारा व्होल्ट करणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, घरात कोरड्या जागी, आहे त्याच प्लगवर, आणि बाहेर माडापोफळीखाली जाते ती फक्त बारा व्होल्टची वायर. कुदळ लागली तरी दिवा विझेल, माळी नाही. फाटकाच्या लोखंडी खांबावर २३० व्होल्टचा दिवा हवाच असेल, तर तो दुसऱ्या मार्गात मोडतो: खांबाला अर्थिंग, पाऊस सोसणारी आयपी ६५ ची फिटिंग, आणि अहवालावर सही.

मावशीनं शेवटी वसरीवर सहाचे चारच स्पॉट ठेवले. म्हणते, सहांच्या उजेडात कोळिष्टकं फार दिसायची.