कॉलेजची स्विमिंग टीम : कोच एक नंबर, पण खिसा आपलाच

मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजकडून पोहते, म्हणून पालक या नात्यानं रिव्ह्यू लिहितोय. कॉलेजचं नाव टाकत नाही, उगं सरांच्या डोक्याला ताप नको.

कोचिंगला पाचपैकी पाच. सर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स करून आलेत, कॉलेज जे मानधन देतं ते पेट्रोललाच जातंय, खरी कमाई उन्हाळी बॅचची, तरी पहाटे साडेपाचला माणूस काठावर हजर. टीममधली निम्मी पोरं गावाकडं विहिरीत शिकलेली, दम लै पण मान वर काढून पोहणार. त्यांच्यावर सर ओरडत नाहीत, काठानं सोबत चालत नुसते हात मोजतात आणि "25 मीटरला 24 हात मारलास, 20 वर ये" एवढंच बोलतात. आमच्या मुलीचा ब्रेस्टस्ट्रोक. भिंतीला दोन्ही हात एकदम लागायची सवय होईपर्यंत तिला स्पीडचं नावच काढू दिलं नाही, कारण एक हात जरा आधी लागला की डिसक्वालिफाय, मग टायमिंग कितीही भारी असू दे.

आता टीम. मुलींत फक्त चौघी. मेडले रिलेला, म्हणजे चौघींनी एकामागून एक वेगवेगळ्या स्ट्रोकनं पोहायच्या शर्यतीला, बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल अशा चारच लागतात म्हणजे हिशोब बरोबर जुळतोय, पण एकीला ताप आला की रिले गेली, आणि रिलेला सहसा डबल पॉइंट असतात. मागच्या इंटर-कॉलेजला हेच झालं, चॅम्पियनशिपचं सोडाच. फायदा एवढाच की बाकावर कुणी बसत नाही, सगळ्यांना भरपूर इव्हेंट मिळतात.

पैशाचं मात्र विचारू नका. जिमखाना फी सगळ्यांकडून घेतात की, पण क्रिकेट कबड्डीचं भागल्यावर जे उरेल ते आमचं. तलाव भाड्याचा, कॉलेज पैसे भरतं ते फक्त इंटर-कॉलेजच्या सीझनपुरते, बाकी वर्षभराचा पास, गॉगल, कॉस्च्युम सगळं घरचं. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सिलेक्शन झालं तर टीए-डीए आणि ट्रॅकसूट तिकडून मिळतो, तोवर बापाचं पाकीट. एप्रिल-मे मध्ये पारा 42 च्या वर, पोरांना सुट्ट्या, खरं तर तेव्हाच प्रॅक्टिस व्हायची पण तलावात शिकाऊ बॅचची जत्रा, लेन मागायची सोयच नाही. त्यात मध्येच पाणी बदलायला बंद. त्यावर भांडायला तोंड पण नाही, आमच्याच नळाला काही दिवसांआड पाणी येतं.

अजून एक, तलाव 25 मीटरचा. शंभर मीटरला तीन टर्न, तीनदा भिंतीला लाथ मारून पुढं जाता येतं. 50 मीटरच्या तलावात टर्न एकच, मग शेवटच्या वीस मीटरला पोरींचे हात जड होतात. सरांनी मागं लागून सीझनआधी दोन-चार दिवस तरी मोठ्या तलावावर न्यायची परवानगी मागितली, अर्ज अजून ऑफिसात पडलाय.

ऍडमिशनला येणाऱ्यांनी आधी जिमखान्यात जाऊन विचारा, तलावाची बॅच किती महिन्यांची आणि भाडं कोण भरणार. आणि बॅकस्ट्रोकवाली मुलगी असेल तर डोळे झाकून या, आमची बॅकस्ट्रोकवाली यंदा पास आऊट होतेय, तिची जागा रिकामीच आहे.