हळदीसाठी रामन स्पेक्ट्रोमीटर: ७८५ की १०६४?

हातात मावणारा रामन स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे नमुन्यावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारे उपकरण, घ्यायचे ठरले की लेझर ७८५ नॅनोमीटरचा घ्यावा की १०६४ चा, एवढाच खरा प्रश्न उरतो. आम्ही मसाल्यांच्या, विशेषतः हळदीच्या तपासणीसाठी दोन्ही काही काळ वापरले. पुढील मत त्याच अनुभवावर बेतलेले आहे.

७८५ ची बाजू भक्कम आहे. रामन प्रकीर्णन, म्हणजे पदार्थाची ओळख पटवणारा हा विखुरलेला प्रकाश, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटत असल्याने तेवढ्याच शक्तीचा १०६४ लेझर तिपटीहून अधिक क्षीण संकेत देतो. शिवाय ७८५ ला सिलिकॉनचा डिटेक्टर पुरतो, तर १०६४ ला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महागडा डिटेक्टर लागतो. विद्रावके आणि पांढऱ्या औषधी भुकटी यांपुरतेच काम असेल, तर अधिक खर्चाचे कारण मला दिसत नाही.

हळदीपुढे मात्र हे गणित कोलमडते. हळदीतील पिवळे द्रव्य असलेल्या कर्क्युमिनची १६०० आणि १६२६ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांजवळची जोडशिखरे जिथे दिसायला हवीत, तिथे ७८५ वर प्रतिदीप्तीचा, म्हणजे लेझर पडल्यावर नमुना स्वतःच सोडत असलेल्या प्रकाशाचा, मोठा डोंगर उभा राहतो. लेझरची शक्ती कमी करून पाहिली, नोंदीचा वेळ बदलून पाहिला. सॉफ्टवेअर पार्श्वभूमी वजा करून देत असे, पण उरलेल्या खडबडीत रेषेत भेसळीच्या मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाचे शिखर कोणते आणि गोंगाट कोणता, हे एकाच पुडीच्या दोन नोंदींत वेगवेगळे ठरू लागले. ज्या निकालावर कोणाचा तरी माल परत जाणार, तो असा डळमळीत असणे मला सहन झाले नाही, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

१०६४ वर तीच पुडी ठेवल्यावर पार्श्वभूमी बरीच सपाट आली आणि जोडशिखरे स्पष्ट उमटली. नोंदीला वेळ अधिक लागतो हे खरे. मिरीसारखी काळी भुकटी तापून करपू शकते, म्हणून शक्ती कमी ठेवून नमुना हलवत राहावे लागते. हिरव्या पानांवर काम करणाऱ्यांनाही, हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीमुळे, बहुधा हेच उपकरण सोयीचे पडेल.

आपले नमुने वेगळे असतील, तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल. विक्रेता प्रात्यक्षिकासाठी पॅरासिटामॉलची कुपी घेऊन येईल, तेव्हा आपल्याकडची सर्वांत गडद, सर्वांत त्रासदायक पुडी त्याच्यापुढे ठेवावी आणि तिची नोंद लागोपाठ पाच वेळा घ्यायला सांगावी.