पांडवलेणी, नाशिक : गोष्ट पांडवांची, पण भिंतीवरची नावं वेगळीच

मुंबई हायवेवरून नाशिकला येताना त्रिरश्मी डोंगराच्या कड्यात काळ्या चौकटींची रांग दिसते ना, तीच ही. लहानपणी आजी सांगायची की पांडव वनवासात इथं राहिले, त्यांनीच एका रात्रीत हे सगळं कोरलं. परवा आईला घेऊन शेवटी गेलोच. पायऱ्या बऱ्याच आहेत, थांबत थांबत चढलो, पाणी खालूनच न्या.

एकूण २४ लेणी, सगळी माणसांनी छिन्नीने खोदलेली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी. पण खरी मजा ३ आणि १० नंबरमध्ये आहे, आणि तिथंच लोक फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडतात, याचं फार वाईट वाटलं.

१० नंबर हे क्षहरात या शक घराण्यातल्या राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेलं. त्याचा हिशोबच भिंतीवर आहे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ठेवायचे, त्यातल्या २००० वर महिन्याला शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून इथल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी (भिक्खूंच्या वस्त्रासाठी) पैसे, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, आपल्या एफडीसारखंच! मी हे आईला सांगितलं तर ती त्या अक्षरांसमोर कितीतरी वेळ उभी राहिली.

आता ३ नंबर. हे गौतमी बलश्रीचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे दान दिलं आणि लेखात मुलाचं कौतुक केलंय, त्यात त्याने क्षहरातांचा समूळ नाश केला हेही आहे. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांचं लेणं काही दारं पलीकडे, आणि त्यावरचा लेख कुणी खरवडला नाही. मला तर ही गोष्ट पांडवांच्या गोष्टीपेक्षाही मोठी वाटते. व्हरांड्याखाली तुळया खांद्यावर घेतलेले सहा यक्ष आहेत, एक काका नातवाला त्यातला एक दाखवून "हा बघ भीम" म्हणत होते, आणि खरंच, तो भार बघितला की भीमच आठवतो.

१८ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, सोडू नका, स्तूपापाशी जरा शांत बसा. माहितीचे फलक मात्र अगदीच अपुरे वाटले, लेखांची जुनी ब्राह्मी लिपी वाचता येत नसेल तर आधी घरून थोडं वाचून जा आणि लेखांवर तिरपा प्रकाश पाडायला छोटा टॉर्च ठेवा. दोन तास तरी हवेतच.