निवृत्तीनंतर काय वाचावं: मार्गदर्शनपर पुस्तकं की आत्मचरित्रं?

निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मला सात पुस्तकं मिळाली. पाच ‘दुसरी इनिंग कशी खेळावी’ या प्रकारातली, दोन आत्मचरित्रं. राज्य शासनाच्या नोकरीत ५८ पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेबल रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मात्र पाय आपोआप चपलांकडे वळतात. पुढच्या वर्षभरात मी सातही पुस्तकं वाचली. आता मागून निवृत्त होणारे सहकारी विचारतात, काय घ्यावं? माझा अनुभव सांगतो, तुमचा वेगळा असू शकेल.

मार्गदर्शनपर पुस्तकांना नावं ठेवायची नाहीत. पहिले दोन महिने त्यांनीच मला सावरलं. दिवसाला काही आकारच उरला नव्हता, तेव्हा ‘उद्या करायच्या तीन गोष्टी रात्रीच लिहून ठेवा’ हा साधा सल्ला उपयोगी पडला. ती वही आजही चालू आहे. ही पुस्तकं भरभर वाचून होतात, मन सैरभैर असताना तेवढंच झेपतं. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांचं काय करावं हे सांगणारी पुस्तकं वेगळी. ती तर घ्याच.

अडलं ते एका ठिकाणी. पाचही पुस्तकांत पहाटेचा तास होता. पाचला उठा, तो तास फक्त स्वतःला द्या. आमच्याकडे पाचला आई उठते. तिला हात धरून न्हाणीघरापर्यंत न्यावं लागतं, मग थायरॉइडची गोळी, मग चहा. साडेपाचला नळाला पाणी येतं, ते पाऊण तासात जातं. मी दोन आठवडे साडेचारला उठून पाहिलं. झालं एवढंच की आईला माझी चाहूल लागायची आणि तीही साडेचारला उठायला लागली. मग मी ती पाचही पुस्तकं पुन्हा चाळली, फक्त एवढंच शोधायला की घरात दुसरं माणूस असेल तर काय करायचं. उत्तर सापडलं नाही, कारण त्या पुस्तकांतल्या माणसाला घरच नव्हतं. म्हातारी आई नाही, सुनेची बदली नाही, गावाकडच्या सामायिक जमिनीचा तंटा नाही. तो एकटाच ठरवतो आणि एकटाच बदलतो. ही उणीव एकदा जाणवल्यावर मी त्या पुस्तकांशी जुळवून घेऊ शकलो नाही.

मग आत्मचरित्रं काढली. पहिलं धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरूडहून निघून, भर पावसात घाट चढून ते साताऱ्याला पोचले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. हा प्रसंग ते कुठलाही आव न आणता सांगतात. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावानं बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही बसली. माणूस नवं काही करतो त्याची किंमत घरातलं कोण कोण मोजतं, हे मला इथे वाचायला मिळालं.

आणखी एका गोष्टीनं मी थबकलो. १९१४ मध्ये कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, १९१५ मध्ये ‘आत्मवृत्त’ छापलं गेलं आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. वय ५८. म्हणजे आयुष्याचा हिशोब मांडून झाल्यावर त्यांचं सर्वांत मोठं काम सुरू झालं. त्यामागेही एक छापील चोपडी होती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे आली होती, ती आधी बाजूला पडली आणि नंतर पुन्हा हातात घेतली गेली. पुढे ते १०४ वर्षं जगले.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये पतीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं त्यांनी कशी काढली ते वाचताना निवृत्तीला ‘नवं पर्व’ म्हणायला मला संकोच वाटला. त्यांचं तर सारं जगच बदललं होतं. तरी पुस्तकभर स्वयंपाकघर आहे, पाहुणे आहेत, सोवळं-ओवळं आहे, रुसवे आहेत. बदल या सगळ्याच्या मधून येतो, हळूहळू, कधी अगदी तहानेच्या पाण्यावरून.

आत्मचरित्रांच्या अडचणीही आहेत. सुरुवातीची कुळकथा कंटाळवाणी होऊ शकते. जुनी भाषा पहिली तीस-चाळीस पानं अडखळवते. उद्या सकाळी नेमकं काय करू, हे ती सांगत नाहीत. काही आत्मचरित्रं निव्वळ सत्कारांच्या याद्या असतात, ती दोन पानांत ओळखू येतात, खाली ठेवावीत. शिवाय कर्व्यांएवढं मोठं आयुष्य पाहून एखाद्याला धीर येण्याऐवजी दडपणही येईल. माझ्या मित्राला आलं.

तेव्हा निवृत्तीला महिनाच झाला असेल आणि दिवस खायला उठत असेल, तर मार्गदर्शनपर एक पुस्तक घ्या. एकच, कारण दुसऱ्यात बहुधा तेच असतं. घरात माणसं असतील, त्यांच्यासकट पुढचं आयुष्य मांडायचं असेल, तर मी आत्मचरित्राकडेच बोट दाखवीन. ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात केलीत तर बरं, ते मोठ्यानं वाचता येतं. आमच्याकडे आता पहाटे तेच चालतं. आईचा चहा निवेपर्यंत चार पानं होतात. मग ती मध्येच थांबवून तिच्या आत्याचं काहीतरी सांगते, आणि ते मी तीन कामांच्या त्या वहीत मागच्या बाजूनं लिहून ठेवतो.