एकत्र कुरणात घोडा ठेवायचाय? मी निवडलेल्या तबेल्याबद्दल

माझ्या घोड्याला, मोतीला, या तबेल्यात आणून वर्ष उलटून गेलं, त्यामुळे आता खात्रीनं लिहिते. इथे घोडे ठाणावर बांधून ठेवत नाहीत, दिवसरात्र एका मोठ्या कुरणात एकत्र सोडलेले असतात. घोड्यासाठी जागा शोधताना बहुतेक जण ठाणं स्वच्छ आहेत का, मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे किती आहेत, खरारा म्हणजे अंग घासून साफ करणं रोज होतं का, हे विचारतात. मी जाईन तिथे एकच प्रश्न विचारत होते: एखादा घोडा दुसऱ्याच्या मागेच लागला, तर तुम्ही काय करता? त्याचं नीट उत्तर मला इथे मिळालं.

हा प्रश्न आला तो आधीच्या जागेमुळे. तिथे एका कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडीनं मोतीला सुखानं खाऊ दिलं नाही. त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीकडच्या मांसल भागावर, दातांच्या खुणा, केस गेलेले चट्टे. सगळे खाऊन पांगले की हा उरलंसुरलं चघळायचा आणि हौदाकडे जायचा तोही शेवटी. तिथल्या लोकांचं म्हणणं एकच, घोडे आपसात मिटवतात. मुरलेल्या कळपात ते खरंही आहे. एकानं कान पाडले, मान खाली घालून पुढे काढली, फार तर पुठ्ठा वळवला, की दुसरा बाजूला होतो आणि तंटा तिथेच मिटतो. पण बाजूला व्हायला जागाच नसेल आणि वाळलं गवत एका ओळीत टाकलेलं असेल, तर खालच्या घोड्यानं जायचं कुठे? घोड्याच्या पोटात आम्ल सतत झिरपत असतं, खाणं चालू असो वा नसो. तासन्‌तास उपाशी राहणाऱ्या घोड्याला पोटात व्रण होण्याची भीती असते. म्हणून दातांच्या खुणांपेक्षा मला त्या रिकाम्या तासांची काळजी जास्त होती.

इथे मोतीला थेट कळपात सोडलं नाही. आधी मागच्या पायांचे नाल काढून घेतले, कारण नाल ठोकलेल्या खुराची लाथ हाड मोडू शकते. मग त्याला शेजारच्या छोट्या वाड्यात ठेवलं. मध्ये कुंपणाच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये मोकळी पट्टी. एकमेकांना बघता येतं, वास घेता येतो, पण कुंपणातून पाय घालून लाथ मारता येत नाही. काही दिवसांनी त्याच्या सोबतीला एक वयस्क घोडी आली. तिला इथे सगळे थोरली म्हणतात. तिच्याशी जमल्यावर दोघांना मिळून कुरणात सोडलं. तेही उजेडात, बाकीच्यांची पोटं भरलेली असताना.

त्या दिवशी मी दाराशी उभी होते. इथले मुख्य मोतद्दार मला म्हणाले, "ताई, ती काळी घोडी कान पाडून येईल, पुठ्ठा वळवेल. त्याला घाबरू नका. मोती बाजूला झाला की ती थांबते का, तेवढं बघा. तो सरकल्यावरही ती मागे गेली, तर मी आत जाईन."

काळी आली. मान जमिनीलगत, कान मागे चपटे, शेपटी फटकारत. मोतीनं एक वळसा घेतला आणि बराच लांब जाऊन थांबला. काळी जागीच थांबली, फुरफुरली आणि खाली मान घालून चरायला लागली. दोन पावलांवर थोरली शांतपणे चरत होती, तिनं मानही वर केली नाही. कुणी कुणाला हटवणं हा कळपाचा रोजचा व्यवहार आहे. हटलेल्याचा पाठलाग करत राहणं, त्याला कोपऱ्यात धरणं, पाण्यावर येऊ न देणं, हा त्रास आहे. हा फरक ओळखणारा माणूस रोज कुरणावर असतो, म्हणून मी या जागेला एवढं मानते.

गवत टाकण्याची पद्धतही मला फार आवडली. जितके घोडे, त्याहून दोन ढीग जास्त, आणि तेही पांगवून, नागमोडी. एका घोड्याला दोन ढीग राखता येणार नाहीत एवढं अंतर. काळी एका ढिगावरून उठून दुसऱ्यावर गेली की तिथला घोडा तिसऱ्यावर जातो, तिसरा चौथ्यावर, आणि शेवटच्यासाठीही एक ढीग उरलेला असतो. मी हे पुष्कळदा उभं राहून पाहिलंय. सगळे जागा बदलतात, तोंड कुणाचंच रिकामं राहत नाही. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र कुरणात कधीच देत नाहीत. प्रत्येकाला बाहेर काढून आपापल्या जागी बांधतात आणि खाऊन झाल्यावर सोडतात. पाहुण्यांनी आत जाऊन हातानं खाऊ भरवायला सक्त मनाई आहे. काही मालकांना ते जाचक वाटतं. मला नाही वाटत, कारण एका गाजरासाठी चार घोडे अंगावर आले की लाथ कुणाला बसेल याचा नेम नसतो.

कुरणाच्या आखणीतही विचार दिसतो. कोपरे विजेच्या पट्टीनं गोलाकार बंद केलेत, म्हणजे पळणारा घोडा अडकत नाही. निवाऱ्याला दोन बाजूंनी वाटा आहेत. आत दांडगा घोडा शिरला तर दुसऱ्याला निसटता येतं. कुंपणाची पट्टी रुंद आणि पांढरी आहे, धावत्या घोड्यालाही दिसेल अशी. तिच्याखालचं गवत वेळच्या वेळी कापतात, कारण ओलं गवत पट्टीला टेकलं की झटका कमी होतो. मीटर लावून दाब तपासताना मी त्यांना बऱ्याचदा पाहिलंय.

एकदा खरोखरच गाडं अडलं. एक अबलख घोडा नव्यानं आला आणि सगळे सोपस्कार करूनही दोघांच्या मागे लागला. हटले तरी सोडेना. अशा वेळी मार खाणाऱ्याला बाजूला काढायची पद्धत मी इतरत्र पाहिली होती. इथे अबलखालाच काढलं. आधी डॉक्टरांना बोलावून त्याचे दात, पाठ, पाय तपासून घेतले, कारण दुखणं असलेला घोडाही चिडखोर होतो. दुखणं काही निघालं नाही. मग त्याला शेजारच्या वाड्यात एका पोक्त घोड्याच्या सोबतीला ठेवलं आणि कळप स्थिरावल्यावर परत आणलं, पुन्हा नवखा म्हणून. आता तो कान पाडतो, पण मागे जात नाही. या सगळ्यात मोतद्दार भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये कधीच शिरले नाहीत, हेही सांगायला हवं. डोक्यावर हेल्मेट, हातात लांब दोर, आणि मागे लागलेल्याला बाजूनं हाकायचं.

त्याच धामधुमीत एका घोडीला मागच्या पायाला आतल्या बाजूनं, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर, लाथ बसली. जखम बोटाच्या पेराएवढी. मलम लावून सोडून द्यावं असंच कुणालाही वाटलं असतं. यांनी तिला आडवं होता येणार नाही अशा बेतानं बांधलं आणि डॉक्टरांना एक्स-रे काढायला बोलावलं. त्या जागी हाड कातडीच्या अगदी लगत असतं. बारीक चीर गेलेली असेल, तर बसता-उठताना हाड पुरतं मोडू शकतं. सुदैवानं चीर नव्हती. पण एवढी काळजी घेणाऱ्या लोकांकडे घोडा ठेवून मी रात्री निर्धास्त झोपते.

दर महिन्याला फासळ्यांवरून, पाठीवरून, शेपटीच्या बुडाशी हात फिरवून प्रत्येक घोड्याला १ (अगदी हडकुळा) ते ९ (फार लठ्ठ) मध्ये अंक देतात. अंगावरची चरबी जोखायची ही हेन्नेके यांची १९८३ सालची मोजपट्टी आहे. मोती आला तेव्हा ४ वर होता, फासळ्या पुसटशा दिसायच्या. आता ५ वर आहे. दिसत नाहीत, हाताला मात्र सहज लागतात. कळपात कुणाला खायला मिळत नाहीये, हे भांडण दिसण्याआधी या अंकातून कळतं.

थोरलीशी मोतीची आता दाट मैत्री आहे. दोघं उलटसुलट उभी राहून एकमेकांची आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी, दातांनी खाजवत असतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. इथे अशा जोड्या ओळखून ठेवतात आणि कुरण बदलताना फोडत नाहीत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ज्यांना मागचे नाल ठेवावेच लागतात, त्यांच्या घोड्यांना मोठ्या कळपात प्रवेश नाही, एका जोडीदारासह वेगळ्या वाड्यात राहावं लागतं. नियम योग्य आहे, पण पहिल्याच भेटीत सांगायला हवा. नवे घोडे मधूनमधून सुटेसुटे येत राहतात आणि दर वेळी सगळ्यांची ओळखपाळख नव्यानं सुरू होते. वर्षातून ठरावीक वेळीच भरती करा, असं मी सुचवलंय. ते अजून मान्य झालेलं नाही. आणि एवढ्या विचारानं आखलेल्या कुरणात पाण्याचा हौद एकच आहे, तोही कडेला. काळी तिथे उभी राहिली की मोती आजही लांबूनच वाट बघतो. दुसरा हौद मधल्या मोकळ्या जागेत बसवायचं मालकांनी कबूल केलंय. नळाची चर खणून झालीये, हौद यायचा आहे.