‘काकू, मदरबोर्ड गेलाय’

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. ह्यांनी आंब्याच्या कलमांच्या हिशोबासाठी घेतलेला. कुठल्या कलमाला किती पेट्या लागल्या, फवारणीला किती गेले, वाशीच्या दलालाची पट्टी कितीची आली, सगळं त्यात. हे जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या हातचा तेवढाच ऐवज माझ्याकडे आहे, म्हणून त्या यंत्रावर माझा जीव. आणि नेमक्या त्याच जिवावर एका दुरुस्तीवाल्याने पैसे काढले.

आषाढात एका सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच. आतून लांब ‘बीऽऽप’, थांबून पुन्हा ‘बीऽऽप’. मॉनिटरचा दिवा नारिंगी मिचमिचत होता. मला काही कळेना. तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, त्याला फोन लावला. आला, बोलायला अगदी गोड. दोन मिनिटं बटण दाबून बघितलं, झाकणाचा स्क्रूसुद्धा न काढता म्हणाला, “काकू, मदरबोर्ड गेलाय. दुकानात न्यावा लागेल.” (मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य पाटी, बाकीचे भाग तिलाच जोडलेले असतात.) मी फायलींचं विचारलं, तर म्हणाला, “बोर्डाबरोबर डेटापण जातो कधीकधी. काढायचे वेगळे बाराशे.” मी हो म्हटलं. ताडपत्रीच्या जुन्या तुकड्यात सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, गुंडाळून गाडीवर बांधला आणि गेला.

चौथ्या दिवशी परत आणून दिला. चालू होता, फायली होत्या. ५,८०० बोर्डाचे आणि १,२०० डेटाचे, असे ७,००० रुपये मी रोख दिले. पावती मागितली, तर “पावतीबुक संपलंय, पुढच्या वेळी आणतो.” यंत्र पूर्वीपेक्षा मंद चालतंय हे त्याच दिवशी जाणवलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

श्रावणात पुन्हा तेच. पडदा काळा, तीच लांब बीप. तो मुलगा फोन उचलेना. शेवटी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, “मावशी, बीप वाजतेय ना? मग बोर्ड जिवंत आहे. बीप बोर्डच देतो. मेलेला बोर्ड गप्प बसतो.” एवढं एक वाक्य मला आषाढात माहीत असतं तर!

त्याने सांगितलं तसं मी केलं. आधी प्लग काढला, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, आत उरलेली वीज जावी म्हणून. बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं. रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामापुरत्या स्मृतीची, पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलून काढली. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांच्यावर मळकट थर बसलेला. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पावसात भिंतीसुद्धा ओल्या, मग त्या दातांचं काय होणार! पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, भुगा झटकला, पट्टी दोन्ही खिट्ट्या ‘टक्’ करून बसेपर्यंत दाबली. बटण दाबलं. एकच छोटी बीप आणि पडदा उजळला. खर्च शून्य.

मग भाचा म्हणाला, “मावशी, कॅमेरा जरा आत धर.” बोर्डाच्या कोपऱ्यात मातीचा तांबूस डाग होता. तो मी ओळखला. काही वर्षांपूर्वी कुंभारमाशीने त्या कोपऱ्यात घरटं केलं होतं, ह्यांनीच ते ब्रशने खरवडलं होतं. डाग राहिला होता. नव्या बोर्डावर जुन्या माशीची माती कशी येईल? कपाटातून २०१३ चं बिल काढलं. त्यावर बोर्डाचा नंबर हाताने लिहिलेला. बोर्डावरच्या चिकटपट्टीवर अक्षरन् अक्षर तोच. बोर्ड बदललाच नव्हता. बिलावर ४ जीबीच्या दोन रॅम होत्या. आत एकच होती, २ जीबीची. माझ्या दोन्ही काढून त्याने आपली जुनी घातली होती. यंत्र मंद का झालं, ते तेव्हा कळलं.

आणि डेटाचे बाराशे? फायली हार्डडिस्कमध्ये असतात, बोर्डात नाही. बोर्ड खरंच गेला असता तरी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फायली दिसल्या असत्या. माझी भीती बघून त्याने ते पैसे लावले. आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली आणि अंगावर काटा आला: त्या डिस्कमध्ये आधारकार्डाच्या, सातबाऱ्याच्या, बँक पासबुकाच्या प्रती होत्या. चार दिवस ती त्याच्या दुकानात होती.

म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना कळकळीने सांगते. पावसाळ्यात पडदा काळा झाला की आधी मॉनिटरची केबल सीपीयूच्या बाजूने काढा. मॉनिटर चालू ठेवला असेल तर बहुतेक मॉनिटरवर केबल तपासा अशी सूचना उमटते. म्हणजे मॉनिटर ठीक. केबल परत घट्ट बसवा, मग रॅम बघा. हे करूनही जमलं नाही तर कारागीर बोलवा, पण सीपीयू तुमच्या ओटीवर, तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा. फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरच्या छोट्या नळकांड्या) किंवा जळल्याची खूण दिसली तर बोर्ड किंवा पॉवर सप्लाय खरंच गेलेला असू शकतो. दुकानात न्यायचाच असेल तर हार्डडिस्क काढून घरी ठेवा आणि आतल्या प्रत्येक भागाच्या नंबरचा फोटो काढा. बदललेला भाग परत मागून घ्या.

मी बिल घेऊन त्याच्या दुकानात गेले. आधी नाही नाही म्हणाला, नंबर दाखवल्यावर “पोराकडून चुकून झालं असेल” म्हणत ३,००० परत केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर भाच्याने दिला आहे, पण दाखवायला माझ्याकडे त्याची पावती नाही. उरलेले ४,००० रुपये आणि माझ्या दोन रॅम अजून त्याच्याकडेच आहेत.