गाडी रंगवताना इंजिन बे पण रंगवायचा का? दोन गाड्यांनंतरचं माझं मत

गाडी फुल पेंटला टाकली की पेंटर पहिल्याच दिवशी विचारतो, "बॉनेटच्या आतलं पण करायचं का?" आपण तेव्हा भलत्याच उत्साहात असतो, त्यामुळे "हो, सगळं सुटलंच आहे तर करून टाका" म्हणून मोकळे होतो. मी पण झालो होतो. दुसऱ्या गाडीच्या वेळी नको म्हणालो. दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय, बाकी मी काही पेंटर नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

रंग तोच ठेवणार असाल तर फार विचार करू नका. आत ऊन लागत नाही, त्यामुळे बाहेरचा रंग कितीही उडालेला असला तरी आतला डिग्रीझर मारून धुतला की बऱ्यापैकी निघतो. आता तो बाहेरच्यासारखा चमकणार नाही, कारण बऱ्याच कंपन्या मुळातच आत लॅकरचा (रंगावरचा पारदर्शक चमकदार थर) पूर्ण हात देत नाहीत, पण तो फिकटपणा ओरिजिनल आहे आणि ओरिजिनलच दिसतो. बॅटरी ट्रेखाली गंज धरला असेल तर तेवढा भाग घासून, प्राइमर मारून रंगवा, ते तसंही करावंच लागतं.

खरा घोळ रंग बदलताना. माझी पहिली गाडी मरून होती, ती पांढरी केली. बाहेरून पांढरी शुभ्र आणि बॉनेट उचललं की आत मरून, हे काही मला सहन होणार नव्हतं, म्हणून आतलं पण करून घेतलं, इंजिन न काढता, मास्किंग करून (म्हणजे जे रंगवायचं नाही ते कागद-टेपने झाकून). दिसायला सांगतो, पहिले दोन महिने एकदम झकास. पेट्रोल पंपावर मुद्दाम बॉनेट उघडून उभा राहायचो (हसू नका, तुम्ही पण कराल).

मग एक दिवस ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. फॅन चालूच होत नव्हता. इलेक्ट्रिशियनने टॉर्च घेतला, आत डोकं घातलं आणि थोड्या वेळाने शांतपणे म्हणाला, "साहेब, यातली फॅनची वायर कुठली?" मी वाकून बघितलं तर सगळ्या वायरी पांढऱ्या! म्हणजे पूर्ण रंगवलेल्या नाही, पण मास्किंगच्या फटीतून जो धुरळा उडतो ना स्प्रेचा तो सगळ्या जोडणीवर बसलेला, आणि वायरिंगमध्ये ओळख असते ती रंगाचीच, तपकिरीवर पांढरी पट्टी, काळ्यावर पिवळी पट्टी असं काहीतरी, ती ओळखच पुसली गेलेली. थिनरने पुसावं तर वायरीचं आवरण मऊ पडतं, त्यामुळे तो बिचारा नखाने एकेक वायर खरवडत बसला. अर्धा दिवस गेला त्यात.

आणि शेवटी फॉल्ट काय निघाला? फॅनची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथेच. पेंटरने मास्किंगसाठी ती काढली, खालच्या पत्र्यावर मस्त रंग मारला आणि रंगावरच परत आवळून टाकली. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जात होता तेवढ्यावर काही दिवस निभावलं, पण फॅन करंट चांगलाच ओढतो, जोड तापत गेला आणि एक दिवस संपला विषय. म्हणजे ज्या रंगकामाने बिघाड केला त्यानेच तो लपवून पण ठेवला. माझं मत तिथेच फिरलं, बाकीची कारणं नंतर आठवली.

बाकीची पण आहेतच. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकचा जोर वाढवणारा तो मोठा गोल डबा) मागे हातच जात नाही, तर तिथलं तेल निघणार कसं आणि घासणार कोण? तिथला रंग वर्षभरात खपल्या धरून उडाला, आणि पांढऱ्यातून मरून डोकावायला लागला, जे लपवायला हा सगळा खटाटोप केला होता. शिवाय आधीच्या मालकाने चमकण्यासाठी सिलिकॉनचा स्प्रे मारला होता की काय कोण जाणे, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) दोन ठिकाणी रंग फाटून डोळे, म्हणजे गोल खळगे, पडलेले.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. इंजिन कुठल्याही कारणाने खाली उतरणारच असेल तर बिनधास्त रंगवा, तशी संधी परत येत नाही. फक्त टू-के रंग (हार्डनर मिसळून मारतात तो) मारायला सांगा, डब्यातला साधा स्प्रे नको, कारण ब्रेक ऑइल सांडलं की तो साधा रंग सालपटासारखा निघतो (टू-केवर पण सांडलं तर लगेच पाण्याने धुवा). साधा सॉलिड कलर असेल तर लॅकर नसलेला सिंगल स्टेज आतल्या कामाला मला जास्त बरा वाटतो, ओरखडा पडला तर टचअप सोपं. उष्णतेची भीती लोक उगाच घालतात, फायरवॉल आणि अ‍ॅप्रनला (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) नेहमीचा रंग टिकतो, हाय टेंपरेचरवाला लागतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डसारख्या (इंजिनातला धूर बाहेर नेणारे तापणारे पाइप) ठिकाणी. आणि चॅसी नंबरवर टेप लावलीय की नाही ते स्वतः बघा. पेंटरवर सोडू नका.

गाडी विकताना काय, हे पण बरेच जण विचारतात. आत जुना रंग दिसला की घेणारा विचारतो रंग का बदलला, हे खरंय. पण आतला पत्रा कोरा करकरीत दिसला तर तो विचारतो गाडी कुठे ठोकली होती, आणि मला तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं वाटतं, कागदांवर रंग बदललेला असला म्हणजे झालं.

दुसरी गाडी निळी होती, राखाडी केली. आत हात लावू दिला नाही. बॉनेटची आतली बाजू, बिजागऱ्या आणि फेंडरच्या बोल्टांची ती वरची पट्टी, एवढंच नवीन रंगात, आणि रबर बीडिंग जिथे बसतं तिथेच दोन रंगांची सीमा आणली, म्हणजे बॉनेट बंद असताना कुठल्याच फटीतून निळा दिसत नाही. बॉनेट उघडल्यावर दिसतो. पहिला आठवडा खटकला, खोटं कशाला बोलू. मरून-पांढऱ्यासारखी जोडी असेल तर कदाचित जास्त दिवस खटकेल, ते ज्याचं त्याने बघावं.

तरीही जागेवरच रंगवायचं ठरलं तर वायरिंगला कागद-टेपपेक्षा अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायला लावा, ती हवी तशी दाबता येते आणि फट राहत नाही, आणि सगळे अर्थिंगचे बोल्ट सुटायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पहिली गाडी अजून घरात आहे. तिच्या फॅनची वायर खरवडली होती तेवढ्या इंचभर तपकिरी आहे, बाकी पांढरीच.